खालच्या सुराचा हॉर्न

त्याला सगळे कानमिस्त्री म्हणायचे. गाड्यांच्या विजेची कामं करणारे, म्हणजे वायरिंग, बॅटरी, दिवे, हॉर्न बघणारे मिस्त्री त्या भागात आणखीही होते; पण गाडी दारात थांबायच्या आतच तिचं काय दुखतंय ते सांगणारा हा एकटाच. हातातला चहाचा कप खाली न ठेवता तो म्हणायचा, “डायनामोचं बेअरिंग बोलतंय,” आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळांची आठवण कोणी ठेवली नाही, त्यानेही नाही.

दुकान लांबट, अरुंद, एका वेळी एकच गाडी मावेल असं. भिंतीला टेकून पत्रा ठोकलेलं टेबल, त्यावर पकड, काचेच्या बरण्यांमध्ये स्क्रू आणि वॉशर. मागे लोखंडी जिना, जिना चढलं की घर. बायको वरून कठड्यावर चमचा आपटायची. एकदा आपटला की चहा, दोनदा आपटला की जेवण. मिस्त्री सहासष्ट वर्षांचा झाला होता, गुडघे कुरकुरत होते, पण चमच्याचा आवाज चुकला असं कधी झालं नव्हतं.

गाडी होईपर्यंत गिऱ्हाइकाचा वेळ जावा म्हणून त्याच्याकडे चार-पाच किस्से ठरलेले होते. त्यातला लाडका किस्सा एका हॉर्नचा. “तेव्हा मी नुकतंच दुकान टाकलं होतं,” तो सुरू करायचा. “पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले एक मोठे साहेब हॉर्न साफ करायला गाडी देऊन गेले. दुसऱ्या दिवशी न्यायला आले, सोबत एवढीशी पोरगी. मी हॉर्न वाजवून दाखवला. साहेब खूश. आणि ही चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, हा आमचा हॉर्नच नाही. मी म्हटलं, साहेब, हॉर्नमधला मळ मी काढलाय, हिच्या कानातला तेवढा तुम्ही काढा.”

गिऱ्हाईक हसायचं. लग्नाकार्यात चार नातेवाईक जमले की कोणीतरी म्हणायचंच, “अरे, तो मळाचा सांग.” मग मिस्त्री आढेवेढे घेऊन सांगायचा. बेचाळीस वर्षांत तो किस्सा इतक्या तोंडांनी आणि इतक्या वेळा सांगून झाला होता की त्याच्या आदल्या दिवशी काय घडलं होतं ते त्यातून पार गळून गेलं होतं. शिल्लक राहिली ती फक्त गंमत.

एका मंगळवारी सकाळी दारात एक जुनी गाडी येऊन थांबली. गडद हिरवी, गोल खांद्यांची, पुढे चकचकीत जाळी. अशा गाड्या आता फक्त हौशी लोकांकडे उरलेल्या. चालवणाऱ्या बाई खाली उतरल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, औषधाच्या दुकानात घालतात तसला पांढरा कोट दंडावर टाकलेला.

“कानमिस्त्री म्हणतात ते तुम्हीच ना?”

“मीच.”

“नक्की तुम्हीच ना?”

मिस्त्री हसला. “आता आधारकार्ड दाखवू का ताई?”

त्याही किंचित हसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गाडी वडिलांची. बारा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. वडील आता एकोणनव्वद वर्षांचे, आणि त्यांनी हट्ट धरला होता की एकदा या गाडीत बसून फिरून यायचं. म्हणून त्यांनी टायर बदलले, ब्रेक करून घेतले, इंजिन सुरू करून घेतलं. वाहन तपासणीत सगळं पास झालं, अडलं ते हॉर्नवर. “गाडी डावीकडे वळवली की हा आपला आपण वाजतो. आणि मी दाबला की कोंबड्याची मान धरल्यासारखा आवाज येतो. बाबा म्हणाले, त्याच मिस्त्रीकडे ने. त्याने एकदा केला होता, त्यानंतर तक्रार नाही.”

मिस्त्रीने गाडीकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे ही पाणीपुरवठ्याच्या साहेबांची गाडी! अहो ताई, मग तुम्हीच ती!” आणि बाईंना स्टुलावर बसवून, बॉनेट उघडता उघडता, त्याने तो किस्सा तिलाच सांगितला. अगदी रंगवून. कमरेवर हात ठेवून दाखवला. मळापर्यंत आला आणि हसला.

“हो,” ती म्हणाली. “मीच ती.”

ती रागावली नव्हती. आपलं आठवत आठवत, साध्या आवाजात बोलली. “आईने खरंच नेलं मला कानाच्या डॉक्टरकडे. मी घरी गप्प बसेना ना. बाबांची गाडी कोपऱ्यावर आली की मी म्हणायचे, हा आपला हॉर्न नाही. महिनाभर चाललं होतं माझं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण आई काळजी करत होती म्हणून त्यांनी थेंब दिले. खूप झोंबायचे. मी तेव्हा गाणं शिकत होते. गाण्याच्या बाई म्हणायच्या, सूर बरोबर लागलाय. आणि मला वाटायचं, यांना काय माहीत माझ्या कानात काय बिघडलंय. मग सोडूनच दिलं. घरचे अजून मला भोंगा म्हणतात.” एवढं सांगून तिने घड्याळ पाहिलं. “दुकानातसुद्धा कोणी औषधाचं नाव सांगितलं तर मी दोनदा विचारते. माणसं वैतागतात. पण एका दृष्टीने बरंच झालं, माझ्या हातून चुकीचं औषध कधी गेलं नाही. उद्या दुपारी येऊ का? उद्या दुपारीच ना?”

“उद्या दुपारी,” मिस्त्री म्हणाला. ती रिक्षा करून गेली. मिस्त्री तोंडावरचं हसू तसंच घेऊन थोडा वेळ उभा राहिला, कारण ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

मग तो कामाला लागला. आपोआप वाजण्याचं कारण दहा मिनिटांत सापडलं. स्टिअरिंगच्या दांड्यातून वर येणाऱ्या वायरचं आवरण झिजलं होतं आणि डावीकडे वळताना उघडी तार लोखंडाला टेकत होती. ती बदलली. मग पुढच्या जाळीमागचे हॉर्न. या गाडीला दोन, एक वरच्या सुराचा आणि एक खालच्या. दोन्ही एकदम वाजले की भरदार आवाज व्हावा अशी रचना. बॅटरीवरून थेट वायर आणून वरच्या सुराच्या हॉर्नला लावली, तो स्वच्छ वाजला. खालच्याला लावली तर खरखर.

तो खालचा हॉर्न सोडवायला मिस्त्रीने दोन बोल्ट काढले, हॉर्न हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. तो बसवायच्या पट्टीला दोन भोकं होती. एक गोल. दुसरं अंड्यासारखं लांबट, कानशीने घासून वाढवलेलं. घासलेल्या कडेवर तिरके ओरखडे होते. डावखुरा माणूस कानस चालवतो तेव्हा पडतात तसे.

मिस्त्री डावखुरा होता.

त्याने नखाने काळा रंग खरवडला. खाली पिवळा निघाला. मोडीत निघालेल्या एका बेकरीच्या व्हॅनचा पिवळा. आणि मग बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो आदला दिवस सगळाच्या सगळा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दुकान टाकून दोन महिने झालेले, आणि साहेबांची गाडी म्हणजे पहिलं मोठं गिऱ्हाईक. काम किरकोळ होतं. हॉर्न उघडायचा, आतले वीज जोडणारे पॉइंट पॉलिशपेपरने पुसायचे, मागचा स्क्रू जरासा फिरवून आवाज जुळवायचा. शेजारचा सायकलवाला बघत उभा होता. मिस्त्रीला चेव आला. “डोळे मिटून सूर लावतो, बघ,” म्हणत त्याने चालू हॉर्नचा स्क्रू फिरवला, आणि एक फेरा जास्त फिरवला. टक् असा आवाज झाला आणि आतला पातळ पोलादी पडदा चिरला. त्या पडद्याच्या थरथरण्यातूनच आवाज निघतो. तो गेला की हॉर्नचा डबा उरतो.

सायकलवाला काही न बोलता आपल्या दुकानात गेला. मिस्त्रीने तो डबा टेबलाखाली सरकवला. साहेबांना सांगता आलं असतं. साहेब चांगले होते, फार तर चार शब्द बोलले असते. पण त्याची जीभच रेटली नसती. तो भंगारवाल्याकडे धावला, पिवळ्या व्हॅनचा हॉर्न आणला, भोक घासून बसवला, काळा रंग मारला. तुटलेला हॉर्न त्याच भंगारात टाकून आला. दुसऱ्या दिवशी साहेब “वा” म्हणाले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “हा आपला नाही, बाबा. आपला खाली जायचा. हा तिथपर्यंत जातच नाही.”

तिला सगळं बरोबर ऐकू आलं होतं. भर रस्त्यात तिथे एवढीच एक व्यक्ती खरं बोलत होती, आणि ती आठ वर्षांची होती. मिस्त्री घाबरला होता, म्हणून तर तो विनोद सुचला. सगळे हसले. ती हसली नव्हती. तिने एकदा वडिलांकडे पाहिलं होतं, एकदा मिस्त्रीकडे. ते बघणं आता त्याला लख्ख आठवलं, आणि इतकी वर्षं ते आठवलं कसं नाही याची त्याला भीती वाटली.

वर चमचा दोनदा वाजला. मिस्त्री हलला नाही. पुन्हा वाजला. शेवटी बायको जिना उतरून आली. हा टेबलाशी उभा, समोर हॉर्न, आणि कानशिलं लाल झालेली.

“बरं वाटत नाहीये का?”

त्याने तिला सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ती ऐकत गेली. 

“म्हणजे तो किस्सा,” ती म्हणाली, “खोटा होता?”

“किस्सा खराच आहे. अर्धा.”

“मी तो माझ्या माहेरी सांगितलाय. चार वेळा तरी. आपल्या पोरीला सांगितलाय, जेवत नसली की.” ती स्टुलावर बसली. “आता काय करणार?”

“जुना हॉर्न मिळतो का बघतो. बसवतो.”

“आणि बाईंना काय सांगणार? तोच आहे म्हणून?”

मिस्त्री हॉर्न फडक्याने पुसू लागला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात तसंच काहीसं घोळत होतं. कोणाला कळणार होतं? सायकलवाला कधीच वारला होता. साहेब एकोणनव्वद वर्षांचे. तपासणीवाल्यांना हॉर्न वाजल्याशी मतलब. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि जे समजायचं ते समजली. “जेवण झाकून ठेवते,” एवढंच म्हणून ती वर गेली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी तो भंगारवाल्याकडे गेला. आता तिथे जुन्या भंगारवाल्याचा मुलगा बसायचा, तोही पन्नाशीचा. त्याने त्या काळातले खालच्या सुराचे तीन हॉर्न शोधून दिले आणि म्हणाला, “यातला कुठला मूळच्यासारखा ते तुम्ही वाजवून बघा. तुमच्या कानाला काय कठीण?”

मिस्त्रीने दुकानात येऊन तिन्ही साफ केले, पॉइंट पुसले, एकेक वाजवून पाहिला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मूळ आवाज त्याला आठवतच नव्हता. कधी नीट ऐकलाच नव्हता. त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष सायकलवाला बघतोय की नाही याकडे होतं. कानमिस्त्री म्हणवून घेणाऱ्या माणसाने तिन्ही हॉर्न टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसला. तो आवाज ओळखू शकेल असं माणूस जगात एकच होतं, आणि त्या माणसाला स्वतःच्या कानाबद्दल खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. मिस्त्रीने तयारी केली होती, आरशासमोर नव्हे, पण मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. ती आयत्या वेळी एकही आली नाहीत.

“ताई, तो हॉर्न तुमचा नव्हता,” तो म्हणाला. “माझ्या हातून तुमचा तुटला. मी दुसरा बसवला आणि तोच आहे म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं.”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “परत सांगा.”

एकदा सांगणंच त्याला जड गेलं होतं. पण ती वाट बघत उभी होती. त्याने परत सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी ते जास्त लांबलं, कारण आता सायकलवाला आला, पिवळी व्हॅन आली, भोक आलं. त्याने हॉर्न तिच्या हातात दिला. तिने त्या लांबट भोकात बोट घालून पाहिलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“घरी चला,” ती म्हणाली.

“कोणाच्या?”

“आमच्या. मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. बाबांना सांगा. त्यांच्यासमोर तुम्ही मला खोटं पाडलंत.”

“येतो ना. उद्या सकाळी अंघोळ करून, कपडे बदलून...”

“आत्ता, काका.”

तिने काका म्हटलं तेही त्याला लागलं. कळकट कपड्यांनी सीट खराब होऊ नये म्हणून त्याने खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि त्याच्या कडेवर बसला. गाडी निघाली तेव्हा बायको जिन्यात उभी होती. तिने विचारलं नाही.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. साहेब खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. पूर्वी दारातून आत यायला वाकावं लागायचं एवढा उंच माणूस आता खुर्चीत निम्माच भरत होता. मांडीवर शाल, कानात ऐकण्याचं यंत्र.

“बाबा, हे मिस्त्री आलेत. त्यांना काहीतरी सांगायचंय.”

“कोण?”

“मिस्त्री! हॉर्नवाले!”

“हां, हां. झाला का हॉर्न?”

मिस्त्रीने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. साहेबांनी कानामागे हात धरला. “मोठ्याने बोला.” मिस्त्रीने आवाज चढवला. “अजून जरा.” शेवटी मिस्त्री अक्षरशः ओरडून सांगू लागला. माझ्या हातून तुटला. दुसरा बसवला. तुम्हाला फसवलं. समोरच्या घरातली बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती, तिचा हात वरच्या वर थांबला. मिस्त्रीला ती दिसत होती. त्याने नजर फरशीवर ठेवली आणि उरलेलं ओरडून संपवलं.

साहेबांच्या तोंडावर हसू पसरलं. “अहो, एवढ्यासाठी आलात? एवढ्याशा हॉर्नचं काय घेऊन बसलात. तीस वर्षं वाजला की तो! माझी काही तक्रार नाही. जा, चहा घेऊन जा.”

सुटला होता मिस्त्री. हात जोडून, चहा पिऊन निघता आलं असतं. माफ करणाऱ्याने माफ केलं होतं. तो उठलाही अर्धा. तेवढ्यात त्याने त्या बाईंकडे पाहिलं. ती टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या सरळ रांगेत लावत होती, ज्या आधीच रांगेत होत्या. तिच्या मानेवरून त्याला कळलं की पुन्हा एकदा तेच झालं. पुन्हा मोठी माणसं हसून मोकळी झाली.

तो परत बसला. “साहेब, हॉर्नचं जाऊ द्या,” तो ओरडला. “एवढंसं नाही ते. तुमची पोरगी खरं बोलत होती. तिला बरोबर ऐकू येत होतं. मी घाबरलो होतो म्हणून तिला खोटं पाडलं. तिच्या कानात काही नव्हतं. कधीच नव्हतं.”

साहेबांचं हसू गेलं. एकदम नाही; आधी डोळ्यांतलं गेलं, मग तोंडावरचं.

“तिला थेंब घालायचो आम्ही,” ते म्हणाले. “आई घालायची. ही रडायची, मी हात धरायचो हिचे.” मग त्यांनी मुलीकडे मान वळवली. “तू बोलायचं का बंद केलंस गं मग?”

“तुम्ही सगळे हसायचात, बाबा.”

तिने ते मोठ्याने म्हटलं नव्हतं, तरी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी शालीची कड ओढून नीट केली, परत विस्कटली.  चहा आला नाही, आणि तो यावा असं कोणाला वाटतही नव्हतं.

“मिस्त्री, तुम्ही आता जा,” साहेब म्हणाले. त्यात राग नव्हता. बापलेकीत काही बोलायचं होतं आणि तिथे तिसऱ्याचं काम नव्हतं, एवढंच.

मिस्त्री चालत घरी आला. दोन किलोमीटर. येताना त्याला सारखं वाटत होतं की रस्त्यातल्या सगळ्यांनी त्याचं ओरडणं ऐकलंय.

चार दिवस कोणी आलं नाही. त्याने तिन्ही हॉर्न फडक्याने झाकून ठेवले होते. दिसले की काम सुचत नसे. पाचव्या दिवशी दुपारी हिरवी गाडी दारात आली.

“त्या काळातला हॉर्न मिळाला का?” तिने विचारलं.

“तीन मिळालेत. पण ताई, तुम्हालाच निवडावा लागेल. मला मूळचा आठवत नाही.”

“तुम्हाला?”

“मला. ऐकलाच नव्हता मी नीट.”

तिने चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाली, “मला तरी आठवेल का? मी आठ वर्षांची होते.”

“तुम्हीच म्हणाला होता, खाली जायचा म्हणून.”

तिने स्टूल ओढलं, बसली, डोळे मिटले. मिस्त्रीने पहिला हॉर्न पट्टीवर बसवला आणि वरच्या सुराच्या हॉर्नबरोबर वाजवला. “हा नाही,” ती लगेच म्हणाली. दुसरा लावला. “हा तर मुळीच नाही. हा बैलासारखा आहे.” वरून बायको डोकावली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मिस्त्रीने तिसरा लावला.

तिने मान कलती केली. “परत.”

त्याने वाजवला.

“परत. जरा लांब वाजवा. जरा... हा फाटतोय शेवटी. तो फाटायचा नाही, तो बसायचा. बूड टेकवल्यासारखा.”

मिस्त्रीने मागच्या स्क्रूला पेचकस लावला. त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. पाव फेरा. वाजवला. “आता?”

“अजून.”

“अजून फिरवला तर तुटायची भीती आहे, ताई.”

“मग थोडा.”

त्याने केसाएवढा फिरवला. त्याला स्वतःला फरक कळला नाही, आणि तसं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मला कळला. तिचे डोळे अजून मिटलेले होते आणि एक हात मांडीवर पालथा, बोटं हळूहळू खाली दाबली जात होती, जशी शिकणाऱ्या मुलीची पेटीवर दाबली जावीत. तिच्या ते लक्षात नसावं. मिस्त्रीने नजर वळवली. आपल्याला ते बघायचा हक्क नाही असं त्याला वाटलं.

“तो नाहीच हा,” ती शेवटी म्हणाली. “जवळचा आहे.”

“तो आता मिळणार नाही. मी भंगारात टाकला होता.”

“माहीत आहे. हाच बसवा.”

हॉर्न बसला, गाडी तपासणीत पास झाली. साहेबांना दोनदा फिरवून आणलं, असं तिने पुढे कधीतरी वायपरच्या कामाला आली तेव्हा सांगितलं. पहिल्या फेरीत ते पूर्ण वेळ गप्प होते, दुसऱ्या फेरीत सिग्नलला उगाच हॉर्न वाजव म्हणाले. त्यांनी तिला भोंगा म्हणायचं सोडलं. मावशी अजून म्हणते. गाणं पुन्हा सुरू केलं वगैरे काही झालं नाही. तसं विचारायची मिस्त्रीची छाती झाली नाही, तिनेच सांगितलं की दुकानातून वेळ मिळत नाही. औषधाचं नाव ती अजून दोनदाच विचारते.

त्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नात कोणीतरी म्हणालंच, “अरे, तो मळाचा सांग.” मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती. त्याने सांगितला, या वेळी आदल्या दिवसापासून. सायकलवाला, टक्, पिवळी व्हॅन, मग पोरगी, मग थेंब. ऐकणारे मध्यावर हसायला तयार होऊन बसले होते, त्यांना जागा सापडेना. एक मामा म्हणाले, “असू दे रे, तेव्हा लहान होतास तू.” मिस्त्री म्हणाला, “लहान ती होती.” मग कोणीतरी जेवणाच्या पंक्तीचा विषय काढला.

बाई वर्षातून दोन-तीनदा येतात. कधी बॅटरी, कधी दिवा. कामापुरतं बोलतात, काका म्हणतात, वेळेवर येतात. मिस्त्री त्यांचं काम सगळ्यात आधी घेतो आणि सगळ्यात सावकाश करतो. बायकोने एकदा विचारलं, आता झालं ना मोकळं मन? त्याने खरं ते सांगितलं. हिरवी गाडी कोपऱ्यावर वळली की अजूनही कानशिलं गरम होतात, आणि दारात येऊन थांबेपर्यंत तो फडक्याला हात पुसत राहतो, हात स्वच्छ असले तरी.